घरमालकिणीची बाजू

विटा, शुक्रवार, दिवेलागण

आज एक चांगलं पुस्तक मिळालं. वरच्या खोलीत माझ्या सोनं गाळायच्या दुकानातले बंगाली कारागीर राहतात. मोहरीच्या तेलात मासे तळतात. तो वास माझ्या बायकोला, सुमनला सोसत नाही. खोली रिकामी करून घ्या, हा तिचा हट्ट. बाहेरून आलेल्यांचा वाद टीव्हीवरही असतो, पण तिथं नुसता कालवा. म्हणून सांगलीच्या वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी दोन जाड पुस्तकं दाखवली. एकात बाहेरून आलेले सगळे संत, दुसऱ्यात सगळे चोर. दोन्हींत कुणी स्वयंपाकच करत नाही. मग ही माणसं जगतात कशावर? तिसरं पातळ निघालं. परदेशी गेलेल्या एका बाईचं. तिनं आपल्या घरमालकिणीलाही मनसोक्त बोलू दिलंय. हिच्या स्वयंपाकाच्या वासाबद्दलच.

सुमनला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबली.

"आवं, ही मालकीण माज्यावानीच बोलती की."

भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "कोइमतूरला आपून भाड्यानं व्हतो तवा मी मिरच्या भाजल्या की घरमालकीण अम्मा लय खोकायची. मला वाटायचं, सोंग करती."

"मग?"

"खरंच ठसका लागत असंल वं तिला."

आणि हसत सुटली. मीही. अम्मानं खोकत खोकत आम्हाला राहू दिलं, म्हणून तर तिथं सोनं गाळायचं काम करून आमचं हे दुकान उभं राहिलं. हे आजवर कसं सुचलं नाही?

"ऱ्हाऊ द्या त्यास्नी," सुमन म्हणाली. "तळताना मागची खिडकी उघडा म्हनावं. आन् तुमी वाचा पुढं."