पिसाळलेलं एकच होतं

अंबड
१२ जानेवारी १९९४

सौ. उषास,

मी बरा आहे. खोली चांगली आहे, दोन टाइम जेवतो, खोकलाबी गेला. आईचे पाय कसे आहेत? कापूस वेचून झाला का?

मी इथं झाडूकाम करतो असं तुला सांगितल्तं. ते खोटं आहे. मी नगरपालिकेच्या मोकाट कुत्रे मारायच्या गाडीवर आहे. काम मीच मागून घेतलं. आपल्या कुसुमला कुत्रं चावलं, पोर पाणी बघून किंचाळत किंचाळत गेली, तेव्हापासून मला एकबी कुत्रं जितं बघवत न्हाई. सुरुवातीला विषाचा लाडू टाकताना बरं वाटायचं.

काल सकाळी शाळेमागं एक कुत्री पिलांना पाजून राह्यली होती. मी लाडू टाकला. तिनं आधी शेपूट हलवली, मंग खाल्ला. ती तडफडत होती तरी पिलं तिला चिकटलेलीच. मुकादम म्हणाला, "बद्रीनाथ, पिलंबी ठेवू नको. जल्दी कर."

मी तीबी ठेवली न्हाईत.

कुसुमला चावलेलं कुत्रं तर गावानं त्याच दिवशी मारल्तं. मंग मी इतके दिवस कोणाला मारून राह्यलो?

दारात येणाऱ्या कुत्र्याला भाकर घालते, असं तू लिहिल्तंस. त्यावर मी तुला नको ते बोललो. घालत जा. मी येईन तेव्हा मात्र त्याला लांब बांध. माझ्या हाताचा आता मलाच भरोसा न्हाई.

तुझाच,
बद्रीनाथ