मोटारीच्या तळातलं बूच

बाबा, रविवारी तू बांधलेली गाडी पाहिली. अजून आहे. रंग बदललाय, गाद्या बदलल्यात, पुढचे दिवे तर कुठल्या भलत्याच गाडीचे काढून लावलेत. पण फळीला फळी तशीच चिकटून आहे, मधे नख घालायला जागा नाही. ती पाहून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मला किळस आली. घरी येऊन दोनदा तोंड धुतलं तरी ती गेली नाही, म्हणून लिहायला बसले आहे. आमच्यात बापाला तूच म्हणतात. कॉन्व्हेंटातल्या मुली ते ऐकून एकमेकींकडे बघत, म्हणून मुंबईत तुझ्याबद्दल बोलताना मी ‘ते’ म्हणायला शिकले. या कागदावर तू आहेस.

तुझ्या त्या शेठपासून सुरुवात करते, कारण घाण तिथून सुरू झाली. चौलला त्याची नारळी-पोफळीची वाडी होती आणि सुपाऱ्या वाळवायच्या शेडमध्ये त्याने मोटारी भरल्या होत्या. चांगल्या मोटारी नव्हेत. चांगली मोटार मुंबईत कुणाकडेही असते, असं तो म्हणायचा. त्याला हवी असायची ती जिचं नाव ऐकून लोकांनी ‘काय म्हणालात?’ असं दोनदा विचारावं. मुंबईच्या गोदीत बेवारस पडलेली, मागवणाऱ्याने नाकारलेली, कारखानाच बुडालेली अशी गाडी शोधून तो मचव्यात घालून आणायचा. एक फ्रेंच गाडी होती, लहानशा पडाव-होडीसारखी अरुंद, तिच्यात दोन माणसं भांडण झाल्यासारखी एकामागे एक बसत. एक अमेरिकन वाफेवर चालायची. काडी लावून अर्धा तास थांबावं लागे, आणि सुरू झाली की वाडीतले सगळे कावळे उडत. एका इंग्रजी गाडीला भरीव रबराची चाकं होती, तिच्यात बसून रेवदंड्यापर्यंत आलेल्या शेठाणीबाई दोन दिवस पाठ टेकू शकल्या नव्हत्या. विमानासारखा पंखा पुढे लावलेल्या एका गाडीचं तर नुसतं चित्रच मिळालं होतं, ते त्याने चौकटीत घालून भिंतीवर लावलं. यातली एकही गाडी आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त चालत नसे. चालण्यासाठी त्या नव्हत्याच. त्या विचारण्यासाठी होत्या.

मी तेव्हा बारा वर्षांची. कॉन्व्हेंटात मी कशी गेले हे लोक अजून विचारतात. तू मुंबईला जाऊन त्यांच्या प्रार्थनाघराचं सडलेलं छप्पर नवं केलंस, मदरने खूश होऊन काय हवं विचारलं, आणि तू म्हणालास, माझी पोर ठेवून घ्या. शेठचा त्यात काही संबंध नव्हता, हे लिहून ठेवते, नाहीतर त्याचे वारस तेही आपल्या नावावर घेतील.

त्या मे महिन्यात मी सुट्टीला घरी आहे, रेवदंड्याला, जिथे तू होड्या बांधायचास. रेवदंड्याच्या खाडीत दोन मचवे एकमेकांना बांधून आणलेत, त्यांच्यावर आडव्या फळ्या, आणि फळ्यांवर उघडावाघडा एक सांगाडा: चार चाकं, पुढे एंजिन, बाकी काही नाही. भारी मोटारी तेव्हा अशाच विकल्या जात, वरचा साज दुसऱ्या कारागिराकडून करून घ्यायचा असे. ही आली होती बोहेमियाहून. तो देश मी शाळेच्या नकाशात शोधला होता, पण आमचे नकाशे पहिल्या महायुद्धाआधीचे, त्यात ती नवी हद्दच नव्हती; सिस्टरने पेन्सिलीने रेघ मारून दिली. एंजिनाला पाणी लागत नाही, ते वाऱ्यावरच थंड होतं, असं शेठ सगळ्यांना सांगत होता. पण तू एंजिनाकडे बघितलंसुद्धा नाहीस. तू गुडघ्यावर बसलास आणि खाली हात घातलास. इतर गाड्यांना खाली बाजेसारखी चौकट असते. हिला मधोमध एकच जाड नळी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि चाकं तिला दोन्ही अंगांना.

‘शेठ, हिला कणा हाय,’ तू म्हणालास.

‘तर काय? नवी तऱ्हा आहे ही. मुंबईतला एक कारागीर हात लावायला तयार नाही. म्हणतो, चौकट नाही तर बॉडी बसवू कशावर?’

‘त्याला नसंल ठावं. मला ठावं हाय. ही मोटार न्हाय, ही होडी हाय. हिच्यावर मी बांधतो.’

शेठ हसला. मग हसायचा थांबला, कारण दुसरं कुणी मिळत नव्हतं.

पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या, त्यांची डागडुजी बाजूला ठेवून तू ती गाडी बांधलीस. कागदावर एक रेघ काढली नाहीस. त्या नळीवर बरगड्या उभ्या केल्यास, बरगड्यांवर सागाच्या फळ्या वाकवल्यास, सांध्यांत कापूस ठासलास आणि तळाला मुशी माशाचं तेल पाजलंस. दिवाळीला मी आले तेव्हा ती तयार होती. तिच्याइतकी सुंदर गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती, आणि तिला वास येत होता मुशीचा. शेठाणीबाई नाकाला रुमाल लावून बसल्या. परतीच्या पावसाची एक सर आली, गाडी उघडी, चौलपासून रेवदंड्यापर्यंत पाऊस मागच्या बैठकीत पडत राहिला आणि पडला तो तिथेच राहिला. गाडी आपल्या दारात थांबली तेव्हा शेठ घोट्यापर्यंत पाण्यात होता, एक पंपशू तरंगत होता.

‘मिस्त्री! हे काय केलं? बादलीत बसवलं मला!’

तू गाडीखाली वाकून हात फिरवलास. कोरडा हात सगळ्यांना दाखवलास. ‘बघा शेठ. थेंब गळला न्हाय.’

आई दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होती. पाणी बाहेर जायला पाहिजे हे तुला पटेपर्यंत बराच वेळ गेला. सांधे सैल करायला तू साफ नकार दिलास. शेवटी होडीला असतं तसं तळाच्या फळीत एक भोक पाडलंस आणि त्याला सागाचं बूच बसवलंस. ‘पाऊस पडला की काढायचं, थांबला की लावायचं. पोरालाबी समजंल.’

नाताळात मी पुन्हा सुट्टीला घरी होते, आणि मुंबईला सुंदर मोटारींची स्पर्धा होती. दोन दिवस आधी शेठ पितळेची एक पट्टी आणि एक कागद घेऊन आला. कागदावर इंग्रजीत पॅरिसच्या एका मोटार-कारागिराचं नाव होतं, खाली ‘यांनी बांधली’ असं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्या बिचाऱ्याला या गाडीची खबरही नसेल. ‘मिस्त्री, गाडी एकदम फर्स्ट क्लास. पण रेवदंड्याच्या सुताराने केली सांगितलं तर लोक हसतील ना. तुमची मुलगी मिशनऱ्यांत शिकते, अक्षर काढून देईल. तुम्ही कोरा.’ आणि तो गेला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

आई चुलीवर सुकट भाजत होती. तू पट्टी माझ्यासमोर ठेवलीस. मी कागद वाचला आणि म्हणाले, ‘बाबा, हे खोटं हाय.’

‘काय खोटं?’

‘इथं लिहिलंय गाडी या माणसाने बांधली. बांधलीस तू.’

‘बंदरावर जा नि बघून ये. एका तरी होडीवर बांधणाऱ्याचं नाव हाय का? कुणाच्या आयशीचं, कुणाच्या देवीचं, कुणाच्या पीराचं. होडी त्याची, नाव त्याच्या मनाचं. शेठच्या मनात हे आलं.’

‘ही देवी न्हाय. हा जिता माणूस हाय, पॅरिसला. उद्या तो म्हणंल मीच बांधली.’

‘म्हणू दे. पान्यात सोडून दाखव म्हणावं.’

‘शाळेत दुसरीच्या पाटीवरचं उतरवलं तर छडी मिळते.’

‘तुला अक्षर काढाया शिकवलंय, निवाडे कराया न्हाय. काढ.’ तू आवाज चढवला नव्हतास. तुझा आवाज कधीच चढत नसे, म्हणून त्यापुढे काही बोलता येत नसे. आई म्हणाली, ‘काढ गो बाय, नि जेवून घे. भाकर गार व्हते.’

मी काढली अक्षरं. आणि वाईट काढायची असं ठरवून बसलेली मी, पहिल्याच अक्षराचं वळण छान आलं तशी उरलेली जीव ओतून काढली. सिस्टरने पाहिली असती तर बक्षीस दिलं असतं. तू ती पितळेवर कोरलीस, एकही रेघ न चुकता, एकही अक्षर न कळता, आणि स्वतःच्या हाताने चार स्क्रूंनी गाडीवर बसवलीस. मला त्या दिवशी तुझा जो तिटकारा आला तो मी कधी बोलून दाखवला नाही. शेठचा येणं सोपं होतं, तो होताच तसा. पण तू मान खाली घालून, जिभेचं टोक दातांत धरून, आपलंच काम दुसऱ्याच्या नावावर इतकं मन लावून चढवत होतास, की मला ते बघवलं नाही. मी विहिरीवर जाऊन बसले.

शेठला कप मिळाला. तुला मिळाला एक फोटो: गाडी, तिच्या पायरीवर पाय ठेवून शेठ, हातात कप. तू तो देवांच्या शेजारी लावलास. येईल त्याला दाखवायचास, ‘ही आमची गाडी.’ आणि लोक फोटोतल्या शेठकडे बोट दाखवून विचारायचे, हे कोण, मालक का? पुढे तू गेलास, शेठ गेला, वाडी विकली गेली, त्या शेडमधलं सगळं भंगारवाल्याने नेलं असेल असं मी धरून चालले होते.

मी मास्तरीण झाले. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त होईपर्यंत एकाच शाळेत. मला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. दुसरीचं उतरवून काढणाऱ्या मुलीला मी वर्गासमोर उभं करून तिच्याकडूनच वाचून घ्यायची, ‘हे माझं नाही’. एकीची आई भांडायला आली होती, एवढ्याशा पोरीला किती लाजवता म्हणून. मी म्हणाले, आत्ताच लाजू दे, पुढे सवय जाते.

रविवारी मुंबईत जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं. वर्तमानपत्रात एका ओळीत लिहिलं होतं, मध्ये कणा असलेली दुर्मिळ गाडी, पॅरिसची बॉडी. मी एकटीच गेले. बाकी सगळ्या गाड्यांभोवती गर्दी, हिच्याभोवती वीसेक माणसं आणि एक कोट घातलेले गृहस्थ, माहिती देणारे. इतका मूर्खपणा इतक्या शुद्ध भाषेत मी आयुष्यात ऐकला नव्हता. ‘ही लाकडाची लवचीक बांधणी पाहा, हे पॅरिसच्या त्या घराण्याचं गुपित होतं. आणि हे तळातलं छिद्र पाहा, लाकडी बुचासह. मागे बसलेल्या पाहुण्यांसाठी शँपेन बर्फात ठेवत, बर्फ वितळला की पाणी इथून सोडायचं. काय बारीक विचार! आपल्याकडे असं डोकं कुणी चालवलं असतं?’

शँपेन! बाबा, तुझ्या बुचातून शँपेनचा बर्फ! मुशीच्या तेलाचा वास त्या फळीत अजून असेल, या माणसाने वाकून नाक तरी लावायचं. सगळे माना डोलवत होते. कपडे चांगले, इंग्रजी चांगलं, आणि एकालाही ती फळी कुठल्या हाताने वाकवली असेल असा प्रश्न पडत नव्हता, कारण पट्टीवर लिहिलेलं होतं ना. माझ्या अक्षरात.

मी मोठ्याने म्हणाले, ‘हे होडीचं बूच आहे. माझ्या वडिलांनी बसवलं.’

सगळे वळले. तो माणूस उद्धट निघाला असता तर बरं झालं असतं, मी त्याला तिथेच सोलला असता. तो उद्धट नव्हता. त्याचा चेहरा उजळला. दोन पावलं पुढे येऊन, मान लववून, इंग्रजीत म्हणाला, ‘मॅडम! म्हणजे आपले वडील त्या कारखान्यात होते? पॅरिसला?’

माझ्याकडे उत्तर तयार होतं. रेवदंड्याचा सुतार, होड्या बांधायचा, सही करता येत नव्हती, ही अक्षरं मी काढली. एवढंच म्हणायचं होतं. वीस माणसं माझ्याकडे बघत होती, माझ्या साडीकडे, माझ्या चष्म्याकडे, कुणीतरी मोठ्या घरची म्हातारी म्हणून. आणि मी म्हणाले, ‘यस.’ कॉन्व्हेंटात शिकवला तसा, ओठ फार न उघडता.

त्यांनी मला खुर्ची आणून दिली, सरबत दिलं. मी तासभर बसले. एका मुलीने विचारलं, तुम्ही पॅरिसला होता का लहानपणी, तर मी म्हणाले, फार थोडा काळ. तू निदान होडीला नाव ठेवल्यासारखं ते नाव ठेवलं होतंस. मला प्रत्येक शब्दाचा अर्थ कळत होता.

शाळेतून मी लिहिलेली पत्रं पोस्टातले कारकून तुला वाचून दाखवत, तू पोस्टाच्या ओट्यावर बसून ऐकायचास आणि संपलं की म्हणायचास, पुन्हा वाचा. हे पत्रही तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. आणि बाबा, खरं सांगते, वाचणारा त्या खुर्चीच्या ओळीपर्यंत आल्यावर मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला असता.