सर्वांत खालची ओळ

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म दुसऱ्यांचे आवाज जोडून दिल्यावर आता फोनला हात लावणार नाही, हा तुझा हट्ट मला मान्य आहे. फक्त एकाच शहरात राहून पत्राला तीन दिवस लागतात, एवढं लक्षात असू दे.

ऑफिसात मी नक्की काय करते, असं तू विचारलंस. शहरातल्या प्रत्येक वस्तीत किती खोल्यांचं घर किती भाड्याने जातं, याची माहिती आमची माणसं फोनवरून गोळा करतात. मी आकडे तपासून दर महिन्याला तक्ता बनवते. या वेळचा तक्ता सोबत जोडला आहे. तो मी पुन्हा पहिल्यापासून करून पाहिला, कारण माझा विश्वास बसेना. टेकडीवरच्या बंगल्यांच्या भागात तीन वर्षांत भाडी जेमतेम हलली आहेत. वाढली ती तुमच्या जुन्या बाजारात, जिथे जिन्यात दिवसाही चाचपडावं लागतं. जवळ नवं स्टेशन झालं आणि भाडी दुपटीच्या वर गेली. तिथून उठलेली माणसं कालव्याकडे जातात, मग कालव्याकडची भाडी चढतात आणि तिथली माणसं गोदीमागे सरकतात. गोदीमागची एक खोली ही तक्त्यातली सर्वांत खालची ओळ. तिच्या पुढे शहरच नाही.

तुझी मागची खोली आजच्या दराने एकोणीस हजारांना जाईल. तू कवळीवाल्यांकडून साडेतीन घेतेस. मी फक्त आकडा सांगते आहे, सल्ला देत नाही.

बाबांचा गुडघा बरा आहे. तब्येत सांभाळ.

तुझी भाची

१९ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तक्ता पोचला. पोरीने एवढं मोठं शहर एका कागदावर बसवलं, म्हणून माझी छाती फुगली आणि त्याच दिवशी जेवताना मी तो कवळीवाल्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तुला माहीतच आहे, बावीस वर्षांत आमच्या दोघांच्या घरी आलेलं एकही पत्र एकट्याने वाचलं गेलेलं नाही. एकोणीस हजारांवर मी पोट धरून हसले. म्हटलं, बघा, तुम्ही राजवाड्यात राहता आणि तुम्हाला पत्ताच नाही. ते हसले नाहीत. दाताच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांचे जबडे घडवण्यात आयुष्य गेलेला माणूस, स्वतःचे दात तसेही फारसे दाखवत नाहीत. त्यांनी कागद मागून घेतला आणि खालची ओळ पुन्हा वाचली. मला वाटलं, तुझ्या कामाचं कौतुक चाललं आहे. मी आणखी वाढलं.

रविवारी मी बाजारात गेले होते. परत येते तो टेबलावर किल्ली. खोली झाडून स्वच्छ. भिंतीतली खिळ्यांची भोकंसुद्धा त्यांच्या त्या जबड्यांच्या पांढऱ्या प्लास्टरने बुजवलेली. भांडण नाही, तंटा नाही, चिठ्ठी नाही. दवाखान्यात विचारायला गेले तर ते आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, कामात आहेत. मी काय तिथे दात काढायला गेले होते?

सकाळचा पेपर आधी कोणी वाचायचा यावरून आमची रोज जुंपायची. आता तो दिवसभर माझाच आहे आणि मी तो उघडतसुद्धा नाही.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे. तुझ्या आकड्याने घालवलेला माणूस तूच शोधून काढ आणि कुठे आहे ते मला कळव.

तुझी आत्या

२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ते सापडले. दवाखाना बंद होण्याच्या वेळी मी दाराशी उभी राहिले. मला पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि सोबत घेऊन गेले. ते गोदीमागे राहतात.

पुढचं लिहायला दोन दिवस घेतले. माझ्या तक्त्यात ती जागा ‘एक खोली, सहा हजार दोनशे’ अशी आहे. ती खोली नाही. दोन घरांमधला बोळ आहे, दोन्ही टोकांना प्लायवूड ठोकून बंद केलेला. दार बाहेर उघडतं, कारण आत उघडायला जागा नाही. खिडकी म्हणून शेजाऱ्यांच्या मोरीवरची झडप. पलंगाच्या डोक्याशी प्लास्टरच्या जबड्यांची रांग आहे, म्हणून पाय दुमडून झोपावं लागतं. एकच खुर्ची होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः उभे राहिले. या ओळीत माझ्याकडे अशा चारशे जागा आहेत. मी त्यातली एकही पाहिलेली नव्हती.

इथे ते तुझ्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट भाडं देतात. हे मी त्यांना दाखवून दिलं. ते म्हणाले की माहीत आहे, पण इथे त्यांच्यापायी कोणाचं नुकसान होत नाही. तुझं दर महिन्याला साडेपंधरा हजारांचं होत होतं आणि ते तुझ्याच टेबलाशी बसून जेवत होते, हे कळल्यावर त्यांच्या घशाखाली घास उतरेना. तू हाकललंस असं त्यांना वाटत नाही. उलट तू कधीच बोलली नसतीस, म्हणून ते न सांगता गेले.

परत चला, असं मी म्हटलं. जुन्या भाड्यात ते येणार नाहीत आणि नवं त्यांना परवडत नाही. मधला कुठलाही आकडा ते भीक समजतात. मी सगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं. उत्तर येत नाही.

पत्ता मागे लिहिला आहे. आकडा पाठवायला नको होता, असं मला वाटतं. तो बरोबर होता, तरीही.

तुझी भाची

१० मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

आधी कुठेतरी नीट बस आणि मग वाच.

पत्ता घेऊन मी टॅक्सीने गेले. त्या बोळात शिरताना माझी पर्स अडकली, ती त्यांनी सोडवली. मी त्यांच्या खुर्चीवर बसले आणि आधी पोटभर तोंडसुख घेतलं. मग सांगितलं की साडेतीन हजार मी कधी भाडं म्हणून मोजलेच नाहीत. ते द्यायला ते दर एक तारखेला घडीचा शर्ट घालून माझ्या दाराशी यायचे, तेवढ्यासाठी घेत होते. पैशाचीच हाव असती तर मी त्या खोलीत चार पोरं कोंबली असती.

ते मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, भाडेकरू म्हणून येणं आता जमणार नाही. मी म्हटलं, मग भाडेकरू म्हणून येऊ नका. त्यांची बायको जाऊन किती वर्षं झाली आणि मी तर लग्नाच्या वाटेला कधी गेलेच नाही. आपण दोघं लग्न करू या का, असं मी त्यांना सरळ विचारलं. पलीकडच्या मोरीत कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाजही बंद झाला.

बराच वेळ ते एक जबडा हातात घेऊन उलटासुलटा करत राहिले. मग विचारलं, भाडं किती पडेल. बावीस वर्षांतला त्यांचा हा पहिला विनोद, आणि मी हसायचं सोडून रडले.

जबड्यांची तीन खोकी परवा आली. ते स्वतः नोटिशीचा महिना संपून बावीस एप्रिलला नोंदणी झाली की येतील, तोवर दवाखान्यात झोपतात. लोक काय म्हणतील याची भीती मला नाही, त्यांना आहे. साक्षीदार म्हणून तू ये. तुझ्या वडिलांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते काम तुझं. तुझ्याकडून आलेली गोष्ट त्यांना तपासून घेतलेली वाटते.

तुझी (आत्याच, दुसरी कोण)

१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू बस म्हणाली होतीस. मी जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि मग तिथल्याच पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं. कोणी वारलं का, असं त्या विचारत होत्या. नाही, आत्याचं लग्न आहे, असं मी सांगितल्यावर त्याही शेजारी बसल्या.

बाबांना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं की तू कवळीवाल्यांचं डिपॉझिट परत केलंस का. त्यानंतर उठून इस्त्रीचा कोट शोधायला लागले. याचा अर्थ ते येतील.

एक गोष्ट सांगायची राहिली. गोदीमागची ती जागा कवळीवाल्यांनी सोडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली, सात हजारांना. आमच्या माणसाने फोनवर नोंद घेतली आणि ती माझ्यासमोर आली, ‘एक खोली’ म्हणून. मी ती पुढे पाठवलेली नाही. साहेबांना सांगितलं की खालच्या ओळीतल्या जागा मी स्वतः जाऊन पाहणार आहे आणि तोवर तक्ता थांबेल. तक्ता थांबत नसतो, असं ते म्हणाले. मी सोमवारपासून जाते आहे. त्या बोळात आता एक बाई लहान मूल घेऊन राहते, असं कळलं आहे. पहिलं दार तिचंच.

बावीस एप्रिलला सकाळी मी आणि बाबा पोचतो. तुझ्यावर माझी माया आहे, हे मी कधी लिहीत नाही. या वेळी लिहिते.

आतोबांना नमस्कार सांग. आपल्या घरात हा शब्द कधी लागलाच नव्हता. लिहिताना मला जरा थांबावं लागलं.

तुझी भाची