आप्पांनी थुंकलेला घोट

३ सप्टेंबर २०२४
आप्पांच्या पोटात तणनाशक गेलं. केळीत फवारायला मोठ्या कॅनमधून बाटलीत काढत होते — नळी लावून तोंडाने ओढलं. घोटभर तोंडात आलं, थोडं आत गेलं, उरलेलं थुंकले. चूळ भरली, फवारणी पुरी केली, वर जेवले! संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या तेव्हा आईला सांगितलं. मी शहाद्याहून ब्राह्मणपुरीला गेले, गाडीत घालून नंदुरबारला आणलं. डॉक्टरांनी सोबत आणलेल्या कॅनवरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बघेनात.

४ सप्टेंबर
जीभ सोलली आहे, बाकी आप्पा खुशीत. "माले काही व्हयेल नही, घर चाल." आईलाही धीर आला. मला नाही.

गेल्याच आठवड्यात अकरावीला प्रद्रव्यपटल शिकवलं. फळ्यावर लिहिलं — पेशीत काय घ्यायचं, काय नाही, हे पटल ठरवतं. हे विष मात्र त्याला ओळखू येत नाही. फुप्फुसाच्या पेशी आपल्या कामाचं समजून स्वतःच ते आत ओढतात. मग श्वासातल्या ऑक्सिजनवर ते धुमसत राहतं, पटलातली चरबी जळत जाते. उतारा नाही.

६ सप्टेंबर
लघवी बंद. डायलिसिस.

८ सप्टेंबर
बोलताना दम लागतो. आईने ऑक्सिजन मागितला. डॉक्टर म्हणाले, लांबवता येईल तेवढं लांबवू, त्याने फुप्फुस लवकर जाईल. मी मान डोलावली, तर आई माझ्यावरच चिडली — शिकलेली पोर बापाला हवासुद्धा घेऊ देत नाही!

आई चहाला गेली तेव्हा आप्पांनी जवळ बोलावलं. "रंजू, तू शिकाडस ना पोरेस्ले? मन्हामा काय व्हई ऱ्हायनं, सांग."

सांगितलं. वर्गात सांगते तसं, सावकाश. शेवटही सांगितला. कुठेच आवाज कापरा झाला नाही, याचीच आता लाज वाटते. आप्पांनी दाराकडे पाहिलं.

"तुन्ही मायले सांगू नको."

११ सप्टेंबर
ओठ निळे. बसूनच श्वास घेतात, उशीला टेकता येत नाही. माझं मनगट सोडत नाहीत.

१२ सप्टेंबर
सकाळी मीच डॉक्टरांना म्हटलं — आता ऑक्सिजन लावा.

मास्क लावला तसं आप्पांना बरं वाटलं. डोळे मिटले. आई चार दिवसांनी माझ्याशी बोलली.

"दख, आते बरा व्हई जातीन."