जवळच्या सोयी

अहो,

सकाळी दाढी करताना आरशाशी कुरकुरत होतात, "घर विकायचं, तर जवळच्या सोयीही मीच लिहायच्या का!" ऐकलं मी. म्हणून घड्याळ लावून फिरून आले.

शाळा सात मिनिटांवर आहे, पण मला पंचवीस लागली. लेकीचं बोट अजून हातात असल्यासारखं वाटत होतं, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक मांजराशी थांबून बोलावं लागलं. ती तिच्या संसारात रमली, पण मांजरांना काय त्याचं! बागेतला झोपाळा कुणी नसताना हलत होता. पुन्हा तिथेच जातेय.

अकराला दलाल येईल. त्याचा फॉर्म कोराच ठेवलाय. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मला हे घर विकायचं नाही. तुम्हालाही नाही, नाहीतर आरशाशी कशाला भांडला असतात?