वडसा रोडवर देव नाही

१ डिसेंबर, सकाळी

निश्चय. उद्यापासून पाचला उठणे. चहा दोन कपांवर आणणे. रंजीताशी दिव्यावरून वाद घालणे कायमचे बंद. बायको रोज दिवस बुडताना कोपऱ्यात दिवा लावते. कित्येक वर्षं मी तिला समजावतो आहे की देव नाही, आणि ती ‘हौ’ म्हणून वात वळत राहते. एका माणसावर एवढी शक्ती घालवणं हीच माझी चूक झाली. आता थेट जनतेकडे.

विचार पक्का आहे. मागच्या खरिपात एका कंपनीनं माझ्या कृषी केंद्रासमोर तुडतुड्याच्या औषधाचा मोठा बोर्ड लावला. ज्यांच्या धानावर तुडतुडा नव्हता तेही बाटली घेऊन गेले. औषध खपतं, मग विवेक का खपणार नाही?

(दुकानात लक्ष्मीचं कॅलेंडर आहे. ते तारखांसाठी आहे.)

३ डिसेंबर

ब्रह्मपुरी विवेक मंडळाची सभा. सर्व सभासद हजर. म्हणजे मी अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका वच्छलाबाई आणि फ्लेक्सवाला इसरू. इसरू फक्त चहासाठी येतो असं लोक बोलतात. मला त्याच्यात विचार दिसतो.

बोर्डाचा ठराव मांडला. वच्छलाबाईंचा विरोध. म्हणाल्या, धनराजभाऊ, माह्या आजानं छप्पन साली, दीक्षेच्या वक्ती, घरातले देव वैनगंगेत सोडले. ते काही बोर्ड वाचून नाई सोडले. माणसं घरी येऊन बसली, आजानं त्याईले आडवेतिडवे सवाल केले, त्याईनं उत्तरं देल्ली. बोर्डाले सवाल इचारता येते का? मी म्हणालो, बाई, तेव्हा फ्लेक्स निघाले नव्हते. त्या चष्मा पुसू लागल्या. मुद्दा पटला असावा.

शेवटी ठरलं. बोर्ड लावायचा. २६ जानेवारीपर्यंत बोर्ड पाहून एका माणसानं जरी देव सोडला, तर पुढे आलापल्ली, अहेरीपर्यंत बोर्ड. एकानंही नाही सोडला, तर बोर्ड खाली आणि अध्यक्षपद बाईंकडे. मला आयुष्यात हे एकच पद मिळालं आहे. सोसायटीत पडलो, पतसंस्थेत पडलो. पण एकच माणूस हवा आहे! घरी येताना हसू आवरेना.

७ डिसेंबर

मजकूर तयार: ‘देव नाही! घाबरू नका!’ खाली माझा बोट वर केलेला फोटो आणि मोबाइल नंबर. बस्स.

डिझाइन इसरूचं. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. वडशाच्या नाटक कंपन्यांचे बोर्ड छापून छापून त्याची मशीन गरम आहे. त्यामुळे असेल, माझी अक्षरंही लाल-पिवळी झाली. मागे वीज चमकते, खाली आग. आग कशाला, म्हटलं. तो म्हणाला, भाऊ, आग नसली त पब्लिक मान वर करत नाई. कोपऱ्यात एक बाई तोंडाला पदर लावून रडते आहे. ही कोण? इसरू म्हणाला, ते राहातेच. मी तिला अंधश्रद्धेनं पिडलेला समाज समजलो आणि राहू दिली.

१२ डिसेंबर

बोर्ड आज लागणार होता. इसरू म्हणाला, भाऊ, अमावस्या हाये. उद्यावर ढकललं. अमावस्येमुळे नाही. वारा होता.

१३ डिसेंबर, दुपारी

लागला! वडसा रोडच्या फाट्यावर. टपरीवर बसून निरीक्षण केलं. जीपा थांबतात, लोक बोट दाखवतात. एक म्हातारा चप्पल काढून माझ्या फोटोपुढे हात जोडून गेला. टपरीवाल्यानं खुलासा केला की बोर्डामागे मारुती झाकला गेला आहे. हरकत नाही. सवय मोडायला वेळ लागतो. दिशा योग्य आहे.

चहा सहा कप. निरीक्षणाचे धरायचे नाहीत.

१६ डिसेंबर

फोन सुरू! एवढा प्रतिसाद येईल असं मलाही वाटलं नव्हतं. खोटं कशाला, वाटलं होतं.

पहिल्यानं विचारलं, हिरोईन कोन हाये? म्हणजे चळवळीत बायकांना स्थान आहे का. किती पुढारलेला प्रश्न! मी म्हणालो, स्त्रियाच आमच्या नायिका. तो खूश झाला. दुसरा म्हणाला, तीन अंकी हाये का? मी म्हणालो, मुद्दा एकच आहे, देव नाही. तो म्हणाला, मंग लवकर सुटत असन. तिसऱ्यानं लावणी आहे का विचारलं. लोकांना तत्त्वज्ञान रंजक करून हवं आहे. नोंद घेतली.

वच्छलाबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, भाऊ, तुमी त्याईले काही इचारलं का? मी कशाला विचारू? विचारणारे ते, सांगणारा मी.

२२ डिसेंबर

ऐतिहासिक दिवस. चिचटोल्याच्या पट कमिटीचे अध्यक्ष श्रावणभाऊ यांचा फोन. त्यांच्या गावी संक्रांतीला शंकरपट भरतो. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री कार्यक्रम. म्हणाले, तुमचं ‘देव नाही, घाबरू नका’ आमाले पायजे. मी विचारलं, किती लोक असतील? म्हणाले, पंचक्रोशी येते, भाऊ, मंडप पुरत नाई. तुमी कितीक जन येता? मी म्हणालो, मी एकटाच पुरेसा आहे.  म्हणाले, एकट्यानं राती खेचान का पब्लिक? मी म्हणालो, भाऊ, सत्याला साथीदार लागत नाही. तेव्हा म्हणाले, बरं, नवीन आयटम दिसून राह्यला.

‘आयटम’ हा शब्द थोडा हलका आहे. पण गावाकडची माणसं.

एक माणूस हवा होता, पंचक्रोशी आली. वच्छलाबाईंचं वाईट वाटतं.

५ जानेवारी

पाचला उठणं जमलं नाही. थंडी.

भाषणाची तालीम रंजीतासमोर. ती सुपात डाळ निवडत होती. ‘विश्वाची उत्पत्ती’ ते ‘नवस’ एका दमात झालं. तिला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, तुमी लोकाईले बी कधी बोलू देत जा. म्हणजे तिला गर्दीची भीती वाटते. मग म्हणाली, मीबी येतो चिचटोल्याले. बिचारी! एवढ्या वर्षांत नवऱ्याला स्टेजवर पाहिलेलं नाही. चल म्हटलं.

१५ जानेवारी, दुपारी

उठल्यावर सविस्तर लिहू असं म्हणून पहाटे आडवा झालो होतो. झोप लागली नाही. लिहितो.

काल गावात शिरतानाच भोंगा लावलेला ऑटो भेटला. ‘पहा पहा! देव नाही, घाबरू नका! अंगावर काटा आणणारा एकपात्री धमाका!’ मी रंजीताला म्हणालो, बघ, जाहिरात. तिनं ऑटो पुढे जाऊ दिला. म्हणाली, अवो, हे लोकं तुमचं नाटक समजून राह्यले. मी म्हणालो, प्रचाराची ही ग्रामीण शैली आहे.

मंडप खच्चून भरला होता. ट्रॅक्टर भरभरून माणसं, अंगावर चादरी, बायकांच्या मांडीवर पोरं. श्रावणभाऊंनी हातात नारळ दिला. म्हणाले, रंगपूजन केल्याबिगर पडदा उघडत नाई. मी तत्त्वाचा माणूस. ठाम नकार दिला. ते म्हणाले, मंग उघडत नाई. नारळ हे एक फळ आहे, या शास्त्रीय भूमिकेतून फोडला.

सुरुवात अफाट झाली. ‘देव नाही!’ म्हटलं, हशा. ‘नवस करून पाऊस येत नाही!’ म्हटलं, शिट्ट्या. लोक मला विनोदी पात्र समजत होते हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटत होतं, अंधश्रद्धा कोसळते आहे. विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत आलो आणि मागून कोणीतरी ओरडलं, आता पुरे, नटी आना! दुसरा म्हणाला, वडशाची कंपनी हाये म्हणे, कुठी हाये? मी म्हणालो, मित्रांनो, कोणीही येणार नाही, देवही नाही आणि नटीही नाही. पहिली खुर्ची तेव्हा आली. श्रावणभाऊ पडद्याआडून हात जोडत होते. कोणाला ते कळलं नाही.

माझ्या हातून माइक गेला. वाटलं, संपलो. पाहतो तर रंजीता.

ती म्हणाली, भाऊ, बाई, आयका. हे नाटकवाले नोहोत, दवाईचे दुकानदार हायेत. चुकी झाली. मारान त मले मारा. मग एकदम म्हणाली, पन हे बोलले ते खोटं नाई. मीबी देवाले मानत नाई.

फेकायला उचललेली खुर्ची एकानं खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. मीसुद्धा खाली बसलो.

ती म्हणाली, माहा बाप, देवाजी, मोहफुलं येचाले गेला होता. घरची पूजा करून गेला. जंगलच्या वाटेवरच्या देवाले हिरव्या पाल्याची डगाल वाहून गेला. वाघानं काही ते डगाल पाह्यली नाई. तवापासून माह्या मनात देव नाई.

सासऱ्यांचं मला माहीत होतं. माझ्यासमोरच त्यांना जंगलातून आणलं होतं. बाकीचं मला त्या मंडपासोबतच समजलं.

पुढच्या रांगेतली बुधरी नावाची बाई उठली. तिचाही नवरा असाच सरपणाला गेला आणि वाघानं नेला. तिनं विचारलं, मंग बाई, तुले भेव नाई वाटत? रंजीता म्हणाली, वाटते ना. वाघाचं वाटते. बुधरीनं विचारलं, घरी दिवा लावतं का नाई? रंजीता म्हणाली, लावतो. बाप दिवस बुडाच्या आत येतो म्हनला होता, त्याच्यासाठी लावतो.

बुधरी तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. म्हणाली, मीबी हात जोडतो, पन आत काहीच नाई राह्यलं, कोनाले सांगू?

पोरं शिट्ट्या मारत शेजारच्या गावच्या नाटकाला निघून गेली. बायका उठल्या नाहीत. स्टेजच्या कडेला बसून बोलत राहिल्या. रंजीता मधूनच काहीतरी विचारायची आणि मग ऐकत बसायची. मी खुर्च्या उचलल्या.

१८ जानेवारी

चिंतन. बुधरी मंडपात आली नाटकासाठी, नाटक ठरलं बोर्डामुळे, म्हणजे बुधरी ही बोर्डाचीच. एक माणूस झाला! वच्छलाबाईंना लगेच कळवलं. त्या म्हणाल्या, भाऊ, ते बोर्ड वाचून नटी पाहाले आली होती. मनातलं बोलली ते रंजीताले भेटून.

हा शब्दच्छल आहे.

२६ जानेवारी

बोर्ड उतरवला. मारुती बाहेर आला. टपरीवाल्यानं पेढा दिला, मी खाल्ला. फ्लेक्स इसरू घेऊन गेला, त्याच्या गोठ्याचं छत गळतं.

सभेत राजीनामा ठेवला. शब्द पाळला, याची कोणीतरी नोंद घ्यायला हवी होती. वच्छलाबाईंनी रंजीताला सभासद करून घेतलं आणि दोघींनी गावांची नावं काढली. कोणाच्या अंगणात बसायचं, कोणाकडे मयत झाली आहे, कुठे आत्ता जाऊ नये, असलं बोलणं. ठराव एकही नाही. अशी चळवळ चालत नसते, असं मी सांगणार होतो. मग नाही सांगितलं.

फोन अजून येतात. रंजीताबाईले द्या म्हणतात. देतो.

जेवताना शेवटी विचारलंच. म्हटलं, एवढी वर्षं मला एका शब्दानं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, कवा सांगू? तुमी थांबले का कधी? मग भात वाढता वाढता हळूच म्हणाली, अन् सांगतलं असतं त घरी मंग कोनाले समजावत बसले असते तुमी? तुमाले तेवढंच त एक होतं.

पाणी प्यालो. उद्या सकाळी दोघींना जीपपर्यंत सोडायचं आहे. गाडीत पेट्रोल आहे का बघून झोपणे.