तलवारीवरचं बोट

२० ऑक्टोबर २००७, शनिवार

माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेचा आज पंचनामा झाला!

खंडेनवमी. दर वर्षीसारखी पूजा मांडली — शिलाई मशीन, विळी, त्याचा जुना स्टेथोस्कोप, गाडीची किल्ली. यंदा तर घरात खरंखुरं शस्त्र आहे म्हणून मी कोण खूश! विष्णूची जपानी आखूड तलवार. वाकिझाशी म्हणायचं तिला. जुलैत आणली तेव्हापासून नव्या सुनेचं होणार नाही एवढं कौतुक चाललंय. म्हटलं, त्याच्या लाडकीलाही हळदीकुंकू लावू, बरं वाटेल त्याला. म्यानातून काढली, पाटावर ठेवली. ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती दुकानांत मुद्दाम जाऊन आणलेला झेंडू.

दुपारी तो हॉस्पिटलातून आला. पाट बघितला. ओरडला नाही — ओरडत तो कधीच नाही. "हात पुढे कर." केला. "कुठलं बोट?" दाखवलं. त्यानं ते नाकाशी नेऊन हुंगलं आणि सोडून दिलं. "चारशे वर्षं उघड्या पात्याला कुणी बोट लावलं नव्हतं. मिरजेच्या सुलक्षणाबाईंची वाट बघत होतं बिचारं!"

मला माहीत नव्हतं. आमच्याकडे शस्त्राला बोट लावल्याशिवाय पूजा होते का?

या वहीत मी त्याला 'तो' म्हणते. तोंडावर अहो. एवढी एकच चैन आहे मला.

२५ ऑक्टोबर

डाग पडलाच. तपकिरी, माझ्या बोटाएवढा. नीट बघितलं तर रेषासुद्धा दिसतात. म्हटलं, पॉलिश करून जाईल का हो? "जाईल की. पण कशाला घालवायचा? लोकांना बघू दे."

येताना ऑपरेशन थिएटरमधून ग्लव्ह्जचा खोका घेऊन आला. देव्हाऱ्याशेजारी ठेवला. "पुढच्या नवमीला घाल."

१० नोव्हेंबर

फराळाला कॉव्हेंट्रीहून राजीव आणि रश्मी. राजीव भूल देणारा डॉक्टर, विष्णूच्या बोलण्यानंही माणसं झोपतात हे त्याला अजून कळलेलं नाही. चिवडा संपायच्या आत तलवार बाहेर निघाली. मग व्याख्यान. सामुराय दुसऱ्याच्या घरी गेला की लांब तलवार दाराशी ठेवायची, आखूड कमरेला राहायची. झोपताना उशाशी. लांब ती रणांगणावर, आखूड ती घरात.

"घरात काय करायचीय?" — राजीव.

"माजघरात लांब तलवार फिरवता येत नाही. छताला अडकते. आणि हरलास तर स्वतःचं पोट फाडायलाही हीच."

"आणि बायकांना?" — रश्मी.

"बायकांना वीतभर सुरी. गळ्यावर ठेवायला. स्वतःच्या!"

सगळे हसले. मीही हसले, करंज्यांचं ताट हातात होतं.

मग — "आता आरोपी हजर करतो. बोट दाखव गं." मला वाटलं थट्टा. थट्टाच होती, पण पुरी करून घेतली. पात्याशेजारी अनामिका धरून उभी राहिले. डाग आणि बोट, बोट आणि डाग. "ओ माय गॉड, परफेक्ट मॅच!" रश्मी केवढ्यानं हसली! नवीन दात बसवलेत, दाखवायला निमित्त लागतं.

रडले नाही. लिहून ठेवते — रडले नाही. पण विष्णू, असा पडलेला तुझा चेहरा मला एकदा बघायचाय. चारचौघांत नको. माझ्या एकटीसमोर चालेल.

२५ डिसेंबर

त्याच्या डिपार्टमेंटचे लोक जेवायला. "शो देम द फिंगर, डार्लिंग." गोरे लोक पोट धरधरून हसले. त्याचा काहीतरी वाईट अर्थ होतो म्हणे. मला नंतर लेकीनं, तनिषानं फोनवर सांगितला, तीही हसत होती.

१३ जानेवारी २००८

रविवार, म्हणजे लाडकीची न्हाणीधुणी. आधी तांदळाच्या कागदानं जुनं तेल पुसायचं. मग पांढऱ्या भुकटीची पुरचुंडी टपटप मारायची, परत पुसायचं. मग लवंगेच्या वासाचं तेल, मुलायम फडक्यानं. माझ्या बाळंतपणात या माणसानं मला पाण्याचा पेला दिला नव्हता.

तलवार उघडी असताना बोलायचं नाही. तोंडाची वाफ लागते, थुंकी उडते. मी समोर बसायचं आणि वापरलेले कागद घ्यायचे, नर्ससारखे. मसालेभातात लवंग घालणं मी बंद केलंय.

२ मार्च

नवीन छळ. तलवारींची पुस्तकं मी मोठ्यानं वाचून दाखवायची. "तुझं इंग्लिश सुधारेल. तीस वर्षं या देशात आहेस, बसमध्ये तिकीट मागतेस तर लोक वळून बघतात." तो खुर्चीत मागे रेलून डोळे मिटतो, मी वाचते. अडखळले की दुरुस्त करतो. शाळेतल्या पोरीसारखी बसवलंय मला, पंचावन्नाव्या वर्षी!

पण एक कबूल करते, पुस्तक चांगलं आहे. पात्याला आधी मातीचा लेप देतात, पाठीवर जाड, धारेवर पातळ. मग तापवून पाण्यात बुडवायचं. पातळ लेपाकडची बाजू कडक होते, जाड लेपाकडची मऊ राहते. म्हणून धारेला धार राहते आणि पाठ मोडत नाही. दोन्हींच्या मधे जी धुक्यासारखी लाट उमटते, तिच्यावर ही माणसं जीव टाकतात. आपण तलवारीचं पाणी म्हणतो ते हेच असणार. मी तसं म्हटलं. "वाच," म्हणाला.

६ एप्रिल

आजपासून वाकड्या सामुराय तलवारी विकायला बंदी. पन्नास सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर. पोरं दारू पिऊन एकमेकांना भोसकतात म्हणून. मला बातमी दोनदा वाचायला लावली आणि मांडीवर थाप मारली. "आपली सेहेचाळीस! लांब ठेवणारे मूर्ख. शहाणा माणूस हत्यार घरात मावेल एवढंच ठेवतो."

खरं आहे. घरात मावेल एवढंच.

११ मे

आता गाडीही मी चालवायची. हॉस्पिटलला नेणं-आणणं. "कन्सल्टंट गाडी चालवत नसतात, सुलक्षणा, चालवून घेतात." मागच्या सीटवर बसत नाही एवढे उपकार. वाचणारीण झाले, ड्रायव्हर झाले, नर्स होतेच. गॅस-पाण्याची बिलं समोर टाकतो, रेस्टॉरंटमध्ये मेन्यू माझ्याकडे ढकलतो — "वाच, काय आहे." राजा झालाय राजा!

८ जून

आज आपोआप नशीब उघडलं. पात्याचे शत्रू — अख्खं एक प्रकरण. घाम. मीठ. ओल. आणि आम्ल. आम्ल लागलं आणि तसंच राहिलं तर पात्यावरचं पाणी मरतं, लाट जाते, आणि असा गंज खातो की पॉलिशवाल्यानंही हात टेकावेत. मी ते पान सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"झालं ना ते? पुढे," म्हणाला.

हो, पुढे.

२० जुलै

तनिषा केंब्रिजहून आलीय. तोंड फुगवून. "बाबा स्टेशनवर माझ्या समोरून गेला, आई! मी हात केला, स्माइल केला, तो स्ट्रेट गेला. लाइक मी कोणी नाही." विष्णूला विचारलं तर म्हणे विचारात होतो. लेकीला ओळख न दाखवण्याइतका कसला विचार? गर्व आहे. आधी बायको खाली गेली, आता मुलगी.

संध्याकाळी शेजारी आले. "बोट दाखव गं." दाखवलं. तनिषा माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "तू का करतो हे, आई? जस्ट नाही बोल ना." हिला काय सांगू? नाही म्हटलं तर तो नुसता बघत राहतो आणि मग आठवडाभर घरात शब्द नाही. मी म्हटलं, करते बाई, थोडे दिवस. "व्हॉट डज दॅट मीन?" काही नाही, पोळी खा.

७ सप्टेंबर

गणपतीचं जेवण. रश्मी दारात उभी, नवीन पैठणी, आणि विष्णू तिला म्हणतो — "या या अरुणाताई!" अरुणाताई म्हणजे मंडळाच्या सत्तरीच्या अध्यक्षीणबाई! रश्मीचं तोंड बघण्यासारखं झालं. ती बोलली तेव्हा कुठे त्यानं सावरून घेतलं. मी आत जाऊन मनसोक्त हसले. देव आहे.

जेवणं झाल्यावर नेहमीचा खेळ. हल्ली तो पात्याकडे बघतही नाही, गप्पा मारता मारता नेमकं माझ्या डागावर बोट नेतो. एवढं पाठ झालंय त्याला! माझ्या चेहऱ्यावरची एक सुरकुती पाठ नसेल. राजीव विचारत होता, हल्ली ऑपरेशनची लिस्ट किती असते? "मी शिकवतो फार. ज्युनिअर आहे माझा, रजिस्ट्रार, त्याच्या हाताला वळण लागायला हवं." हर्निया असो, पित्ताशय असो, म्हणे राजाला हल्ली हात लावावा लागत नाही.

एक महिना राहिला.

८ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजा झाली.

ग्लव्ह्ज घातले! सांगितलंय ना त्यानं. पाट, रांगोळी, मशीन, विळी, किल्ली, आणि मधोमध तलवार. यंदा पात्याला बोट लावलं नाही. खंडेनवमीला शस्त्राला बळी द्यावा, आमच्याकडे कोहळा कापायचे. मी लिंबू कापलं. काय कापते हो! वजनानंच खाली गेली, जोर लावावाच लागला नाही. मग अर्धी फोड मिठात बुडवून पात्यावरून फिरवली, मुठीपासून टोकापर्यंत. उलटवली. दुसरी फोड, दुसरी बाजू. भांडं घासल्यासारखी निगुतीनं. लाट जिथे सर्वात देखणी आहे तिथे जास्त पिळलं. आरती म्हणत होते, चाल चुकली नाही.

ओलीच म्यानात घातली. लिंबाच्या साली नंतर आमटीच्या पातेल्याला लावल्या, वाया कशाला घालवायच्या.

भीती वाटली नाही. खरं लिहायचं तर लग्नाच्या दिवशीही एवढी खुशीत नव्हते.

१२ ऑक्टोबर

रविवार. त्याला सर्दी! "शिंक उडेल, आज राहू दे." माझा जीव टांगणीला.

१५ ऑक्टोबर

तो हॉस्पिटलात असताना तलवार चार बोटं बाहेर काढून बघितली. आई गं! तपकिरी. कडेनं नारिंगी, मधे खवले. कुणाही आंधळ्याला दिसेल. माझा डाग त्यात विरून गेला, माग नाही. परत आत सरकवली आणि शिरा केला. बदाम घालून.

तो आल्यावर मिटक्या मारत खाल्ला. "आज काय विशेष?"

काही नाही हो.

१९ ऑक्टोबर, सकाळ

सर्दी गेली. चहानंतर काढतो म्हणाला. मी समोरची खुर्ची पुढे ओढून ठेवलीय, उजेडही चांगला आहे. फक्त त्याचा चेहरा. बाकी मला या जन्मी काही नको.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ

काढली. म्यानात जरा अडली. "दमट हवा," म्हणाला. दिव्याखाली धरली, नेहमीसारखी. वरपासून खालपर्यंत गंज. मी त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

चेहरा खुशीत होता.

कागदानं पुसलं. कागद तांबडा झाला. त्यानं तो घडी करून माझ्या हातात दिला, दर रविवारी देतो तसा. मग स्वतःचाच नियम मोडून बोलला. "पाणी बघ, सुलक्षणा. लाट कशी चालत गेलीय! आणि हे तुझं बोट." नेमकं त्याच जागी बोट नेलं. तिथे काही नव्हतं, सगळीकडे होता तोच गंज.

त्याला दिसत नाही. पुस्तकं, गाडी, मेन्यू, रश्मी, स्टेशनवर उभी असलेली तनिषा — त्याला दिसत नाहीये, कितीतरी महिने, आणि त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. मला एकटीला कळलंय. आणि सांगायला गेले तर कशावरून कळलं तेही सांगावं लागेल.

मी तोंड उघडलं. "श्श," म्हणाला. "उघडी आहे."

म्यानात घालताना म्हणाला, "उद्या लिस्ट मोठी आहे. रजिस्ट्रार सुट्टीवर, सगळं मलाच कापायचंय. साडेसातला निघू."

गाडी मी चालवते.